सफाई एसीची, ओल भिंतीची

पावसाळा सरत आला की नवी मुंबईत एसी आणि डक्ट ‘निर्जंतुक’ करून देण्याच्या जाहिराती दिसू लागतात. श्वसनाचे विकार त्याने टळतील का?

डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारी बंदिस्त नळी. अमेरिका-कॅनडातील बर्फाळ भागांत अनेक घरांत एकाच भट्टीची गरम हवा या नळ्यांतून सगळ्या खोल्यांत जाते. वाशी-नेरूळमधल्या घरांत सहसा स्प्लिट एसी असतो. त्याला डक्टच नसते. शिवाय डक्टच्या सफाईने आजार टळतात, हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाच सांगते. बुरशी दिसली, उंदीर-किडे शिरले किंवा धूळ कोंडली, तरच ती करावी, असा तिचा सल्ला आहे.

आपला खरा प्रश्न ओलीचा आहे. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दम्याचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मांडले. गळती तशीच राहिली, तर पुसलेली बुरशी पुन्हा येते. म्हणून आधी गळती थांबवा, आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा, एसीची जाळी वरचेवर धुवा. सोसायटीचा पैसा आधी गच्चीच्या आणि बाहेरच्या भिंतींच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा.