भूजलाची खतावणी

दुष्काळ पडला म्हणजे विहिरी खोल करावयाच्या आणि पाऊस पडला म्हणजे दुष्काळ विसरावयाचा, ही आपली जुनी रीत. ती मोडावयाची तर भूगर्भात पाणी किती व कोठे आहे, हे आधी कळले पाहिजे. भौगोलिक माहिती प्रणाली हे काम आज करू शकते. उपग्रहाने टिपलेली भूरूपे, जमिनीचा उतार, मातीचा पोत, खडकातील भेगा, पर्जन्यमान आणि निरीक्षण विहिरींतील पातळ्या एकाच नकाशावर थरांप्रमाणे मांडल्या, म्हणजे पाणी कोठे मुरेल आणि उन्हाळ्यात पातळी कोठवर उतरेल, याचे गणिती प्रतिमान बांधता येते.

महाराष्ट्राला या शास्त्राची निकड विशेष आहे. राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा. त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत मावेल तेवढेच पाणी. म्हणूनच एका बांधाला विहीर तुडुंब, तर पलीकडे कोरडी, असा अनुभव येतो. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने पाणलोटवार केलेला अभ्यास या दृष्टीने मोलाचा आहे.

परंतु या खतावणीत जमेची बाजू पर्जन्यमापकाच्या व विहिरींच्या नोंदींवर उभी आहे, तर खर्चाची बाजू बव्हंशी अदमासावर. विहिरींची संख्या आणि सरासरी उपसा यांचा गुणाकार, हाच उपशाचा हिशेब! ज्या विंधन विहिरीची नोंदच नाही, ती संगणकाला कशी दिसावी? २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ साली अंमलात आला. विहिरींची नोंदणी त्यात सांगितली आहे. शेती व उद्योगांसाठी ६० मीटरहून खोल जाण्यास बंदीही आहे. तो कायदा शिवारात दिसला पाहिजे.

हिवरे बाजारने पावसाच्या मापावरून पिके ठरविली आणि सिंचनासाठी विंधन विहिरी वर्ज्य केल्या. तेथे गावाचा संयम आधी होता, म्हणून हिशेबाला अर्थ आला. शासनाने प्रत्येक गावाचा भूजलनकाशा ग्रामसभेपुढे मराठीत मांडावा आणि विहिरींची नोंदणी तडीस न्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मात्र नकाशा वाचून ऊस लावावयाचा की ज्वारी, हा निर्णय गावालाच घ्यावा लागेल. शेजाऱ्याच्या विहिरीतील पाणी आपल्याच पाण्याचा भाग आहे, एवढे त्या नकाशाने पटविले तरी त्यावरील खर्च सार्थकी लागला, असे आम्ही म्हणू.