संध्याकाळी सातनंतर

आज 26 जून. सकाळी ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शाळा-महाविद्यालयांतून मुले प्रभातफेरीला निघतील. हातात पुठ्ठ्याचे फलक, पावसाने शाई ओघळलेली. मैदानात हात पुढे करून व्यसनमुक्तीची शपथ होईल. त्याच सकाळी सरकारी कार्यालयांत राजर्षी शाहू महाराजांच्या तसबिरीला हार पडेल, कारण आज त्यांची जयंती आणि राज्याचा सामाजिक न्याय दिनही आहे. संयुक्त राष्ट्रांनी 1987 मध्ये अमली पदार्थविरोधी दिनासाठी ही तारीख निवडली तेव्हा कोल्हापूर कुणाच्या ध्यानीमनीही नसणार. पण तारीख एक झाली आहे, आणि आपल्याकडे दोन्ही कार्यक्रम दुपारच्या आत उरकले जातात. उरकणे हेच क्रियापद इथे बरोबर आहे.

शाहू महाराजांची रीत आठवून पाहावी. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला आला, तर तो राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न त्यांनी आधी हाती घेतला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत विद्यार्थ्यांची वसतिगृहे आली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क वसतिगृह आले. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड बसला. या सगळ्यात उपदेश थोडा आहे. छप्पर आणि भाकरी जास्त आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहर साडेअठरा लाखांच्या आसपास आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांचे होते. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते खिडकीतून दिसते. यातली किती घरे दहा बाय बाराची आहेत? अशा घरात संध्याकाळी सातला बाप कामावरून येतो, आई कुकर लावते, बहीण भिंतीशी टेकून अभ्यास करते, आजी कॉटवर असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला घरात पाय पसरायला जागा नसते. आईच म्हणते, ‘जरा खाली जाऊन बस.’ तो खाली जातो. खाली नाका असतो, कठडा असतो, टपरी असते, मोठी पोरे असतात. तो रात्री अकराला वर येतो. सुरुवातीला कुणी काही विचारत नाही. सहा महिन्यांनी चाळीत बोलले जाते की तो वाया गेला. हा शब्द आपण शिळ्या भातासाठी वापरतो आणि मुलांसाठीही वापरतो.

कल्याण जंक्शनची गोष्ट आणखी वेगळी. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबतात आणि घर सोडलेली मुले इथे उतरतात. फलाटाच्या टोकाला कुणी रुमालाची घडी नाकाशी धरून बसलेला दिसतो. रुमालात व्हाइटनर किंवा पंक्चरवाल्याकडचे सोल्युशन असते. त्याने भूक कळत नाही, हे अशा मुलांत काम करणारे कुणीही सांगेल. बाल न्याय कायद्याच्या 77 व्या कलमात मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. हे कलम किती टपऱ्यांवर लागले, हे आजच्या शपथेनंतर एखाद्या विद्यार्थ्याने व्यासपीठाला विचारायला हरकत नाही.

मदत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. मराठीत ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही, इतके इथले 1901 सालचे मनोरुग्णालय आपल्या बोलण्यात मुरले आहे. त्याच ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. मनाच्या दुखण्यासाठी दार ठोठावणे ही लाजेची बाब नव्हे, हे शहराला पटवायला तिला वर्षे लागली. तिच्या ‘वेध’ परिषदेने मुलांपुढे डॉक्टर-इंजिनीअरपलीकडची माणसे आणून बसवली. समता विचार प्रसारक संस्था वस्त्यांमधल्या दहावी उत्तीर्ण मुलांचा एकलव्य म्हणून सत्कार करते. गुणवंतांच्या सत्कारांच्या या हंगामात, घरकाम करून पंचेचाळीस टक्के मिळवलेल्या मुलीच्या गळ्यात हार घालायला वेगळी नजर लागते. रत्नाकर मतकरी यांनी 2014 मध्ये इथेच ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला आणि वस्तीतल्या पोरांना स्वतःची गोष्ट स्वतः लिहून करायला लावली. ‘समतोल’ फाउंडेशनचे कार्यकर्ते स्टेशनांवर घर सोडून आलेली मुले हेरतात, त्यांच्याशी बोलतात, त्यांना घरी पोहोचवतात.

तीन हात नाक्याच्या पुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा भरते. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांची ही शाळा मालवाहू कंटेनरमध्ये आहे. सिग्नलला गजरे नि खेळणी विकणारी मुले शाळेत येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग शाळाच सिग्नलला गेली. आल्या आल्या मुले अंघोळ करतात, मग खाणे, मग पाटी-पुस्तक. आधी वर्ग आणि नंतर न्याहारी असा क्रम असता तर पहिल्या आठवड्यात बाके रिकामी झाली असती. डोक्यावरून गाड्या जात असतात, भिंती पत्र्याच्या आहेत, आणि तिथून मुले दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचली. शाहू महाराजांना हा कंटेनर लगेच ओळखू आला असता.

सरकारी व्यवस्था मात्र मुलाने आपल्यापर्यंत यावे अशी वाट पाहते. डोंबिवलीचा मुलगा चुकीच्या संगतीत पकडला गेला की त्याची रवानगी भिवंडीच्या निरीक्षणगृहात होते. डोंबिवली आणि भिवंडी नकाशावर शेजारी आहेत, पण मधल्या खाडीमुळे आणि रस्त्यामुळे धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या आईला भेटीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते. दुर्गम म्हणजे डोंगरापलीकडचे, असे आपण समजतो. संकटातल्या मुलांसाठीचा 1098 हा मदतीचा क्रमांक 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाला. फोन आला की त्या भागातली संस्था धावत जायची, आणि मुलाला तिथला दादा किंवा ताई चेहऱ्याने ओळखायची. 2023 पासून हे काम सरकारी यंत्रणेकडे गेले. क्रमांक तोच राहिला. नाक्यावर ओळखणारा दादा राहिला का, ते तपासले पाहिजे.

अठरा पूर्ण झाली की बालगृहाचे दार बंद होते. कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहानंतरच्या आधाराची, सोय ठेवली आहे, सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना चार हजार रुपये धरले आहेत. चार हजारांत, अनामत रकमेसह, ठाण्यात पाठ टेकायला जागा कुणी मिळवून दाखवावी. दहावी-बारावी झालेला, मागे कुणी नसलेला मुलगा वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन कुठे जातो, याची नोंद ठेवणे ही अवघड गोष्ट नाही. इच्छा असेल तर.

आमची मागणी साधी आहे आणि तिला नवी इमारत लागत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या अनेक शाळा संध्याकाळनंतर रिकाम्या असतात. प्रत्येक प्रभागात एका शाळेतल्या दोन खोल्या सात ते दहा उघडा. एका खोलीत अभ्यासाची बाके, दुसरीत कॅरम, तालमीला मोकळी जमीन. एक पगारी दादा किंवा ताई, मानधनावरची नव्हे; तीन महिन्यांत बदलून न जाणारी. आठवड्यातून एकदा समुपदेशक, आणि त्याच्या खोलीच्या दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावू नका, म्हणजे मुले आत जातील. बिस्किटांचा पुडा नि चहा यांची तरतूद अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत करा, नाहीतर लेखापरीक्षणात तीच पहिली अडकेल.

आज सकाळी ज्या मैदानात शपथ होईल, ते मैदान बहुधा अशाच एका शाळेचे असेल. संध्याकाळी सातला फाटकाला कुलूप असते. रखवालदार खुर्ची टाकून आत बसतो, आवारातला दिवा जळत असतो, आणि त्या दिव्याचा जो थोडा उजेड फाटकाबाहेरच्या पायरीवर पडतो, तिथे चार-पाच पोरे मोबाइलवर माना घालून बसलेली असतात.