पिसें झडणें हा रोग नव्हे

पिंजऱ्यांतील फिंच पक्ष्याची पिसें झडूं लागलीं कीं पाळणारा घाबरतो आणि पेठेंतून कसलें तरी औषध आणून त्याच्या पाण्यांत कालवितो. ही रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मूळच्या ऑस्ट्रेलियांतील झेब्रा फिंचाचें वजन तें काय, सुमारें १२ ग्रॅम! जुनीं पिसें टाकून नवीं धारण करणें हा पक्ष्याचा देहधर्मच आहे. पिसांत शेंकडा ९० च्या आसपास प्रथिन असतें व तें आहारांतूनच उभें करावें लागतें. नुसत्या राळ्यावर ठेवलेल्या पक्ष्यास हें भांडवल कोठून मिळणार? दुभत्या म्हशीस भाकड म्हशीपेक्षां अधिक पेंड लागते, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावें लागत नाहीं. पिंजऱ्याकडे मात्र ते त्या दृष्टीनें पाहत नाहींत. राळ्याच्या जोडीस कडक उकडलेलें अंडें कुसकरून द्यावें, मोड आणलेलें धान्य व कोवळा पाला द्यावा, समुद्रफेस टांगावा. उन्हाळ्यांत अंडें लवकर नासतें, म्हणून उरलेलें तासाभरांत काढून टाकावें. स्नानास उथळ पाणी ठेवावें, वाऱ्याचा झोत टाळावा. या दिवसांत जोडीस घरटें देऊं नये. पिलें व पिसें हा दुहेरी भार त्या जिवास सोसत नाहीं.

साधी झड दोन्ही अंगांस सारखी व थोडथोडी होते. एकाच जागीं टक्कल पडल्यास सोबत्यानें पिसें उपटलीं किंवा कीड लागली, असा संशय घ्यावा. उपटणारा सोबती वेगळा काढावा. कीड दिसल्यास पशुवैद्यास दाखवावें.