पेटीतला शरद

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री मावशीचा फोन आला. मावशीचे वय एकाहत्तर. शाळेतली नोकरी करून निवृत्त झालेली आणि आयुष्यभर साडीखेरीज दुसरे काही न नेसलेली. तिचा मुलगा बॉस्टनला असतो. त्याने आईसाठी ऑक्टोबरातली दहा दिवसांची जहाजाची सफर ठरवली होती : बॉस्टनहून निघायचे, बार हार्बर, सेंट जॉन, हॅलिफॅक्स, शार्लटटाउन ही बंदरे घ्यायची आणि सेंट लॉरेन्स नदीतून क्वेबेकला उतरायचे. सोबत न्यायच्या कपड्यांची यादीही त्याने ई-मेलने धाडली होती. ती मावशीने मला वाचून दाखवली. अंगालगतचे गरम कपडे दोन जोड, लोकरीचे स्वेटर दोन, वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट एक, पँटी चार, न घसरणारे बूट, कानटोपी, हातमोजे, आणि जहाजावरच्या मेजवानीच्या रात्रीसाठी 'एखादा बरा ड्रेस'. वाचून झाल्यावर मावशी म्हणाली, "अगं, यादी माझी आहे, पण ह्यात मी कुठेच नाही."

वीस वर्षे साहित्य शिकवणार्‍या माणसाला असे वाक्य ऐकू आले की काय होते ते सांगायला नको. मी दहा मिनिटे बोलले. वस्त्र आणि अस्मिता, वसाहतकाळाने स्त्रीच्या पेहरावावर टाकलेले ओझे, प्रवासकंपन्यांच्या याद्यांमधला गृहीत धरलेला पाश्चात्त्य देह, असे बरेच काही. मावशीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते असू दे. साडीत मला थंडी वाजेल का, एवढं सांग."

मला सांगता आले नाही. हा लेख त्या न आलेल्या उत्तरातून निघाला आहे.

सुरुवात शब्दापासून करावी लागेल, कारण घोटाळा तिथेच आहे. इंग्रजी 'ऑटम'ला आपण बिनदिक्कत 'शरद' म्हणतो. कोशांत तसे आहे, अनुवादांत आहे, आणि आपणही वर्गात तसेच शिकवतो. पण आपला शरद म्हणजे पाऊस संपून धुतलेले आकाश, निवळलेले नदीचे पाणी, कोजागरीचे चांदणे, आणि दुपारी अंगाची काहिली करणारी ऑक्टोबरची ऊन्ह. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त शरद येतो तो काशफुलांचे वस्त्र ल्यालेल्या नववधूच्या रूपाने. हा ऋतू पांढरा आहे : काश पांढरा, हंस पांढरे, रिकामे झालेले ढग पांढरे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनार्‍यावरचा ऑटम मात्र मेपलच्या तांबड्या-पिवळ्या पानांचा आणि पानगळीचा. पानगळ आपल्याकडे येते ती शिशिरात. म्हणजे कोशाने दोन ऋतूंची गाठ मारून दिली ती केवळ कॅलेंडरातली जागा पाहून; त्यांच्या गुणांचे एकमेकांशी काहीही देणेघेणे नाही. कवितेच्या अनुवादात ही चूक खपून जाते, कोणी फार तर एखादी तळटीप देतो. पेटी भरताना ती खपत नाही.

ह्या चुकीचा सर्वांत प्रसिद्ध बळी गांधीजी. 'सत्याचे प्रयोग'मध्ये त्यांनीच ती हकिकत सांगितली आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. बोटीवर काळा सूट वापरला आणि मित्रांनी शिवून घेतलेला पांढर्‍या फ्लॅनेलचा सूट विलायतेच्या भूमीवर पाऊल ठेवण्यासाठी म्हणून राखून ठेवला. सप्टेंबरचे अखेरचे दिवस. उतरून पाहतात तो सबंध बंदरात पांढर्‍या कपड्यांतले ते एकटेच. वयाची एकोणीस वर्षे पुरी व्हायला काही दिवस बाकी असलेला पोरगा. आणखी गंमत, म्हणजे त्यांच्या दृष्टीने आपत्ती अशी की इतरांचे पाहून त्यांनी सामान आणि किल्ल्या एजंटाच्या हवाली केलेल्या. दिवस शनिवारचा. रविवारी सामान मिळायचे नाही. म्हणजे चूक लक्षात आली तरी ती दुरुस्त करायला पेटी हाताशी नाही; त्याच पांढर्‍या कपड्यांत लाज गिळत बसायचे.

ह्या प्रसंगाचे वाचन आपण कसे करतो? गांधींच्या पुढल्या वेषांतरांची, टोपी-सुटापासून पंच्यापर्यंतच्या प्रवासाची, ही पहिली पायरी म्हणून. ते चूक नाही. विद्यार्थ्यांना मीही तसेच सांगत आले आहे. पण ती लाज मुळात ऋतूचा अंदाज चुकल्याची आहे, हे मी कधी सांगितले नाही. तो सूट विलायती कापडाचा, विलायती कापाचा होता. त्याचा दोष 'देशी' असण्याचा नव्हताच. मुंबईच्या मित्रांनी सप्टेंबर म्हणजे काय ते मुंबईच्या आकाशाकडे पाहून ठरवले, एवढेच घडले. पोरगा काशफुलांचे वस्त्र नेसून भलत्याच शरदात उतरला.

आता समुद्राचे. जमिनीवरची थंडी आणि डेकवरची थंडी ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला मावशीच्या निमित्ताने कळले. जहाज ताशी वीस नॉट, म्हणजे सुमारे सदतीस किलोमीटर वेगाने चालत असेल तर हवा अगदी पडलेली असली तरी डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर तेवढाच वारा येतो. पार्‍यावर आठ अंश असले तर अंगाला ते तीन-चार अंशांसारखे लागतात. त्या किनार्‍यावर उत्तरेकडून लॅब्राडोरचा थंड प्रवाह उतरतो, दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचे ऊन पाणी येते, आणि दोहोंच्या भेटीतून धुके उठते. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात कॅरिबियनकडली वादळे कधी कधी तिथवर पोचतात. २००३ साली 'वान' आणि २०२२ साली 'फियोना' ही दोन वादळे सप्टेंबरच्या अखेरीसच नोव्हा स्कोशियावर आदळली. बॉस्टनला निघताना दुपारी नुसत्या ब्लाउजवर घाम यावा आणि क्वेबेकला उतरताना पहाटे तोंडातून वाफ निघावी, असे हे दहा दिवस. म्हणून तिथले लोक एक जाड कपडा घालण्याऐवजी तीन पातळ घालतात : आतला घाम शोषून बाहेर टाकणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा अडवणारा. आणि सुती कपडा ते टाळतात, कारण सूत भिजले की पाणी धरून ठेवते आणि अंगातली ऊब खेचून घेते. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. घोंगडीवाल्या धनगराला हे कोणी शिकवावे लागत नाही. मराठीच्या प्राध्यापिकेला लागले.

ह्याच सुमारास मी आनंदीबाई जोशींकडे पुन्हा वळले, आणि ह्या वेळी वेगळ्या भुकेने.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात अठरा वर्षेही पुरी न झालेल्या आनंदीबाईंनी सांगितले होते की आपण आचार, आहार, पोशाख ह्यांत तिळमात्र बदल करणार नाही; हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परत येऊ. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. उन्हाळा न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंच्या घरी गेला. मग आले फिलाडेल्फिया, आणि तिथला ऑटम. नऊवारीची कासोटा घालून नेसण्याची पद्धत आपल्या हवेसाठी, आपल्या कामांसाठी सिद्ध झालेली. तिच्यात पोटर्‍यांचा खालचा भाग उघडा राहतो आणि आत परकर घालता येत नाही. आनंदीबाईंनी ती पद्धत सोडली आणि गुजराती धाटणीने साडी नेसायला सुरुवात केली. आत परकर आला, पाय घोट्यांपर्यंत झाकले गेले.

ह्या बदलावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणाला त्यात तडजोड दिसते, कोणाला वाटाघाट, कोणाला अखिल भारतीय स्त्रीच्या प्रतिमेची पूर्वखूण. ह्या वाचनांतले काही मला आजही मोलाचे वाटते. पण त्या सगळ्यांत घोटे कुठे आहेत? एक मुलगी थंडीने काकडते आहे, तिला दिवसभर व्याख्यानांना बसायचे आहे, आणि दिलेले वचन मोडायचे नाही. तेव्हा ती साडीच्याच मर्यादेत राहून असा तोडगा काढते की वचनही राहील आणि पायही झाकतील. हे शिवणटिपणाच्या पातळीवरचे बुद्धिवैभव आहे. त्याला प्रतीक म्हणण्याची आपल्याला इतकी घाई होते की तो तोडगा आहे हे पाहायचेच राहून जाते. आणि मग तिच्या मृत्यूलाही आपण प्रतीक करतो. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती क्षयाने गेली तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. थंडी, अपुरा आहार, खोलीतला धूर ह्या गोष्टी चरित्रांच्या कडेकडेने येतात आणि मध्यभागी उभा राहतो तो 'त्याग'.

१० ऑक्टोबर १८८५ चे ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी : आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबूली आपल्या देशाच्या पोशाखात. दर वर्षी वर्गात मी ते दाखवते. यंदा पहिल्यांदाच तारखेकडे नीट पाहिले. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. मावशीचे जहाज त्याच आठवड्यात निघायचे होते. तिघींच्या त्या देखण्या पोशाखांच्या आत काय होते, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने ग्राम्य ठरेल. मला तो आता टाळता येत नाही.

आपले प्रवासवर्णन ह्या बाबतीत सोवळे आहे, ही माझी जुनी तक्रार. कानेकरांच्या 'धुक्यातून लाल तार्‍याकडे'पासून पुढे केवढा मोठा संसार आहे ह्या प्रकाराचा! त्यात संग्रहालये आहेत, स्वभावचित्रे आहेत, चिंतन तर उदंड आहे. पेटी मात्र सहसा स्टेशनावरच्या हमालाबरोबर मजकुरातून बाहेर जाते. पु. लं.च्या 'अपूर्वाई'त (१९६०) निघण्याआधीच्या धांदलीला जागा मिळाली ती विनोदाच्या हक्काने. विनोद नसेल तर कपड्यांविषयी लिहिणे हे बायकी, क्षुल्लक, अशी समजूत असावी. ज्यांच्या पेट्या आईने किंवा बायकोने भरल्या त्यांनी प्रवासवर्णने लिहिली, हेही एक कारण असू शकेल. मी हे रागाने म्हणत नाही. थोड्या रागाने म्हणते. वळकटी, ट्रंक, होल्डॉल हे शब्द आपल्या भाषेतून गेले आणि त्यांच्याबरोबर काय बांधून नेत असत, कोणत्या क्रमाने, कोणाच्या भीतीने, हेही गेले. उद्या कोणी ह्या विषयावर प्रबंध करू म्हणाले तर त्याला साधने कुठून द्यायची?

असो. मावशीची पेटी आम्ही दोघींनी मिळून भरली. दोन रविवार लागले. यादी तिच्या मुलाची होती. ती आम्ही फेकली नाही, साडीत आणली. सुती साड्या सगळ्या बाद झाल्या. ह्याचे तिला वाईट वाटले, कारण त्यांतली एक तिच्या आईची इरकल होती. ("तिला जग दाखवणार होते," असे म्हणून तिने ती परत कपाटात ठेवली.) चार सिंथेटिक साड्या घेतल्या : हलक्या, सुरकुती न पडणार्‍या, लगेच वाळणार्‍या. हे महत्त्वाचे, कारण आगीच्या भीतीने जहाजावर खोलीत इस्त्री चालत नाही. परकराच्या आत लोकरीची लेगिंग. ब्लाउजच्या जागी गळाबंद, लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर. पदर मोकळा राहिला तर डेकवरच्या वार्‍यात त्याचे शीड होईल, म्हणून तो पुढे घेऊन कमरेला खोचायचा आणि वर जाकीट. निर्‍या नेहमीपेक्षा चार बोटे वर. पायांत बूट. मेजवानीच्या रात्रीसाठी पैठणी. पुष्कळ जहाजांवर सुटाच्या तोडीचा म्हणून आपापल्या देशाचा पोशाख मानला जातो, हे मी आधी खात्री करून घेतले होते. मुलाच्या समाधानासाठी एक पँट तळाशी टाकली. सगळे घालून मावशी आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ऊस तोडायला निघाल्यासारखी दिसते गं मी."

तिला न सांगता मी मनात आनंदीबाईंशी पडताळा घेऊन पाहिला. इथे कोणी वचन घेतलेले नव्हते, कोणी पाठीमागून पत्रे लिहून जाब विचारणार नव्हते. फक्त सवय होती, पन्नास वर्षांची. सवयीला अस्मिता म्हणायचे की नाही ह्यावर माझे मत अजून ठरत नाही.

हॅलिफॅक्सहून तिचा फोन आला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होती. तिथल्या सागरी संग्रहालयात तिने एका तान्ह्या मुलाचे बूट पाहिले होते. १९१२ साली 'टायटॅनिक'मधल्या मृतांचे देह त्या बंदरात आणले गेले. त्यांचे कपडे आठवण म्हणून कोणी लांबवू नयेत ह्यासाठी जाळून टाकायचा हुकूम होता. एका पोलीस सार्जंटला एवढेसे बूट जाळवेनात. त्याने ते कचेरीतल्या खणात ठेवून दिले, आणि २००२ साली त्याच्या घरच्यांनी ते संग्रहालयाला दिले. मूल एकोणीस महिन्यांचे होते. त्याचे नाव सिडनी गुडविन हे कळायला आणखी काही वर्षे जावी लागली. मावशी बुटांविषयी बराच वेळ बोलत राहिली. चामड्याचे होते, पुढे जरासे झिजलेले. "नवे नव्हते गं. वापरातले होते."

मी थंडीविषयी विचारले. डेकवर साडी उत्तम चालली, एका अमेरिकन बाईने पदर कसा खोचायचा ते शिकूनही घेतले. मग जरा थांबून म्हणाली, "सेंट जॉनला पाऊस होता. निर्‍या भिजल्या. दुसर्‍या दिवशी ती पँट घातली."

"मग?"

"मग काय, बरी आहे. तिला खिसे आहेत." आणि लगेच, "फोटो काढलाय त्यानं. तू कुणाला दाखवू नकोस."