माहेरी परतलेली लेक

काटकसरीपोटी इंग्लंडने एप्रिल २०१३ पासून घटस्फोट, मुलांचा ताबा अशा बहुतेक दाव्यांतील सरकारी कायदेसाहाय्य काढून घेतले. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. आणे गावी माहेरी परतलेल्या लेकीने पोटगीसाठी सासरच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. जुन्नरच्या न्यायालयात अर्ज करता येतो, वकिलासाठी तेथील तालुका विधी सेवा समिती आहे. अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा, असे कायदा सांगतो. तारखा लांबतात, हे खरेच. परंतु पेढीच्या अब्रूपायी घरच्या बैठकींत वर्षे दवडणारे वडीलधारे त्या विलंबात स्वतःचीही भर घालतात. तोवर लेकीचे स्त्रीधन सासरच्याच तिजोरीत असते.