दुखत नाही, म्हणून दाखवले नाही

बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या एका खालांनी छातीतली गाठ वर्षभर कुणाला दाखवली नाही. "दुखत नव्हती बेटा, मग कशाला सांगायचं?" एवढेच त्या म्हणाल्या. मी त्यांना दवाखान्यात नेले तोवर त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली होती, स्तनाग्र आत ओढले गेले होते आणि काखेतही गाठ लागत होती. कर्करोग पुढच्या टप्प्यात गेला होता.

दुखणे म्हणजे आजार, हे आपले गणित इथे चुकते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. जखम होते, कंबरेचे हाड ठणकू लागते किंवा धाप लागते, तेव्हा अनेकदा फार उशीर झालेला असतो.

यासाठी केवळ पडद्याला दोष देऊन भागणार नाही. शेजारच्या हिंदू घरातली ताईही हेच लपवते. पुरुष डॉक्टरची लाज, कापूस वेचणीचा हंगाम, "घरच्यांना विचारते" हे उत्तर, सगळे सारखेच. स्वतःच्या शरीरासाठीही बाईला परवानगी लागते, हा खरा प्रश्न आहे.

महागड्या यंत्राविनाही बरेच करता येते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. त्यांच्यात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणून तरुण स्त्रीनेही गाठ लागताच तपासणीची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आपल्या उपकेंद्रात ती खरोखर होते का, हे आपण जाऊन विचारले पाहिजे. जुम्म्याच्या नमाजनंतर रक्तदान शिबिराची सूचना देता येते, तर या तपासणीची का नाही? ती सूचना ऐकणारे पुरुषच असतात, आणि दवाखान्याचे भाडे बहुतेकदा त्यांच्याच खिशात असते.

खालांचे उपचार सुरू आहेत. परवा त्यांनी स्वतःहून सुनेला विचारले, "तू दाखवलंस का?" हा प्रश्न आज आपल्याही घरात विचारा.