उन्हाळा कुठे काढावा?

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याचा विषय काढणे म्हणजे चकलीच्या ताटात कैरीचे पन्हे वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण वाचकहो, आम्हां खानदेशकरांची थंडी मोठी अल्पायुषी. आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकावा, दोन महिने वांग्याच्या भरिताचा यथेच्छ समाचार घ्यावा, तोच होळी दारात उभी राहते आणि घरोघर कूलरचे गवत बदलण्याची घाई सुरू होते. शिवाय मे महिन्यातल्या मुक्कामाच्या जागा शहाणी माणसे दिवाळीच्या सुट्टीतच अडवून ठेवतात. तेव्हा प्रश्न आत्ताच विचारलेला बरा : उन्हाळा कुठे काढावा?

आमचे जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंच, धुळे त्याहून किंचित वर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या तापीच्या खोऱ्यात आम्ही, तव्यात ठेवलेल्या भाकरीसारखे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला, तर त्याची कोणी बातमीही करीत नाही. भुसावळचा आकडा आपल्यापेक्षा एक अंशाने जास्त आला, तर जळगावकराला उलट थोडे अपमानितच वाटते!

हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या नानांनी फार गंभीरपणे घेतला. नाना म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त अभियंते. आयुष्यभर धरणे आणि कालवे बांधले, त्यामुळे कोणतीही गोष्ट कागदावर आकृती काढल्याशिवाय त्यांना पटत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहून आले ते डोक्यात एक खूळ घेऊनच. तिकडची निवृत्त जोडपी म्हणे घराएवढी मोटार घेऊन निघतात. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळे. थंडी पडली की अॅरिझोनाच्या वाळवंटात उतरायचे, उन्हाळा आला की उत्तरेच्या डोंगरांत चढायचे. काही जोडपी सरकारी उद्यानांतल्या तळांवर देखरेखीचे काम करतात आणि त्या बदल्यात त्यांना गाडी उभी करायला फुकट जागा मिळते.

"सर, आपल्याकडेही आता हे होते बरं का," नाना मला म्हणाले. खरेच होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळनेही केले. नानांनी भाड्याच्या गाडीची चौकशी केली, चालकासह दहा दिवसांचा आकडा ठरवला, आणि माझ्या पुढ्यात नकाशा पसरला.

मी मनात म्हटले, यात नवे ते काय? चाकांवरचे घर खानदेशाने पाहिलेले नाही असे थोडेच आहे! पेरणीपूर्वी विळे-कुऱ्हाडी शेवटायला येणारे गाडीलोहार आम्ही लहानपणी पाहिले आहेत. बैलगाडी हेच त्यांचे घर. चितोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी प्रतिज्ञा केली, गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर समारंभपूर्वक प्रवेश झाला. प्रतिज्ञा फिटली, पण पोटामागची भटकंती काही फिटली नाही. तिकडे साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की घोड्यांवर संसार लादून निघतात. त्यांनाही दर चार दिवसांनी हाच प्रश्न, मुक्काम कुठे? पण ते नकाशा पाहत नाहीत. पाणी कुठे आहे, चारा कुठे आहे, आणि कोणता शेतकरी रानात मेंढ्या बसवू देईल, हे पाहतात. मेंढ्यांचे खत शेताला, शेताचे धान्य मेंढपाळाला. यातला तिसरा मुद्दा, म्हणजे ओळखीचा माणूस, नानांच्या कागदावर कुठेच नव्हता.

नानांच्या कागदावर उंची होती. त्यांचे गणित असे : एक हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे जळगावात चव्वेचाळीस असता तिथे अडतीस. (१९९८ साली नंदुरबार वेगळे झाले, तरी आमच्यासारख्यांच्या तोंडी अजून 'धुळे जिल्ह्यातले तोरणमाळ' असेच येते.) यशवंत तलावाकाठी गाडी लावावी, रात्री चादर घेऊन झोपावे. बेत उत्तम. माथेरान त्यांनी आधीच खोडले होते, कारण तिथे खाजगी मोटारी दस्तुरीनाक्याच्या पुढे जात नाहीत. चाकांवरचे घर नाक्यावर ठेवून पायी फिरण्यात काय अर्थ? कोकणही खोडले. तिथे पारा चौतिशीत असतो खरा, पण हवा दमट. घाम वाळत नाही. आमची हवा कोरडी, म्हणून साध्या गवताच्या कूलरनेही खोली गार होते. चोपडा तालुक्यातले उनपदेव मीच सुचवले. "तिथे झरा आहे," असे म्हणताच नाना खूष झाले. तो उन्हाळ्या पाण्याचा झरा आहे हे कळल्यावर दोन दिवस बोलले नाहीत.

एवढे सगळे झाल्यावर वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारले, "आखाजी कधी आहे यंदा?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी. आमच्याकडे तिचा मान दिवाळीएवढाच. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे सुरू होते. लेकी सासरहून माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मातीच्या नव्या घागरीत पाणी भरून, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबे ठेवून, गेलेल्या वडीलधाऱ्यांची पूजा होते. थोडक्यात, उन्हाळा कुठे काढावा हा प्रश्न खानदेशातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या पडलाच नाही. मे महिन्याच्या उन्हातले ठिकाण एकच, माहेर. ते थंड हवेचे असो वा नसो.

वहिनींचे माहेर धुळ्याच्या पलीकडे पांझरेकाठी. पण आठ वर्षे त्या तिथे गेल्या नव्हत्या. वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि भावाने हक्कसोडीचा कागद पुढे केला. कायदा वहिनींना ठाऊक होता. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला आहे. त्यांना जमीन हवी होती असेही नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "विचार करून सांगते." त्या 'विचारा'वर भाऊ बिनसला. तेव्हापासून ना फोन, ना राखी. आखाजीला बोलावणे आले नाही, आणि न बोलावता जायचे तर उतरायचे कुठे? माहेरच्या गावात लेकीने परक्याच्या ओसरीवर कसे उतरावे?

"आता मी कोणाच्या घरी कशाला उतरू?" वहिनी म्हणाल्या. "आपले घर आपल्याबरोबर आहे ना? मारुतीच्या देवळामागे लिंब आहेत. तिथे उभे करा. दोन दिवस गाव बघते, आई-दादांच्या नावाने तिथेच घागर भरते, आणि मग न्या मला तोरणमाळला नाहीतर काश्मीरला."

नानांनी आकृतीकडे पाहिले, वहिनींकडे पाहिले, आणि नकाशाची घडी घातली. चाळीस वर्षांच्या संसारात घडी कधी घालावी एवढे त्यांना कळले होते.

पुढची हकीकत नानांनी सांगितलेली. गाडी आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी गावात शिरली. पोरांनी गराडा घातला. म्हाताऱ्या बायांनी आत डोकावून ओटा, पलंग पाहिला आणि "संडासबी यातच?" म्हणून पदर तोंडाला लावला. भावाचे घर शंभर पावलांवर, पण त्या बाजूची खिडकी वहिनींनी पडदा ओढून घेतली.

अकरापर्यंत सारे ठीक होते. मग गावातली वीज गेली. या गाड्यांची मेख इथे आहे, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आतले दिवे, पंखा गाडीच्या बॅटरीवर चालतात. पण गार हवेचे यंत्र फार वीज खाते, त्याला बाहेरची जोडणी नाहीतर जनित्र लागते. नानांच्या गाडीत जनित्र नव्हते. सावली तोकडी, अंग पत्र्याचे. पत्रा ऊन धरून ठेवीत नाही, लगेच आत पोहोचवतो. एकच्या सुमारास त्या सुंदर घराची भट्टी झाली. नाना देवळाच्या ओट्यावर जाऊन बसले. वहिनी हटून आतच बसून राहिल्या, ओला पंचा डोक्यावर घेऊन.

तेव्हा दारावर थाप पडली. भावजय उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. ती म्हणाली, "ताई, त्या डब्यात भाजून निघाल. भांडण तुमच्या भावाशी आहे ना? घराशी तर नाही? चला."

घर धाब्याचे होते. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचा थर. अशा मातीतून दिवसाचे ऊन आत उतरायला संध्याकाळ होते, आणि ते उतरते तेव्हा माणसे अंथरुणे घेऊन धाब्यावर, उघड्या आभाळाखाली निजायला गेलेली असतात. ज्यांनी ती घरे बांधली त्यांनी नानांसारखी आकृती काढली नव्हती, पण त्यांचे गणित चुकले नव्हते. मधल्या खोलीत अंधार होता, गारवा होता. वहिनी जमिनीवर आडव्या झाल्या आणि आईच्या जुन्या पेटीकडे पाहत निजून गेल्या.

भाऊ शेतातून चारला आला. बहिणीला पाहून दारातच थांबला. मग काही न बोलता बाहेर गेला आणि नानांना विचारू लागला, "या गाडीचं सांडपाणी कुठे सोडणार? ओढ्यात नका सोडू, खाली ढोरं पाणी पितात." आठ वर्षांनी झालेला हा पहिला संवाद! नाना म्हणाले, टाकी आहे, ती शहरातच नेऊन रिकामी करायची. "मग बरं," भाऊ म्हणाला. आणि पाठ फिरवताना, "उद्या घागर घरातच भरायची. एका आईबापाला दोन घागरी शोभत नाहीत."

दोन दिवसांचा मुक्काम पाच दिवसांचा झाला. हक्कसोडीचा विषय कोणी काढला नाही. तो संपला आहे असेही नाही; कागद भावाच्या कपाटात आहे आणि विचार वहिनींच्या मनात आहे. पण राखी मात्र या श्रावणात पोस्टाने न जाता बसने गेली, आणि राखीबरोबर वहिनीही.

तोरणमाळही झाले. तीन रात्री तलावाकाठी, रात्री चादर, सारे नानांच्या कागदाप्रमाणे. त्याचे वर्णन त्यांनी मला सविस्तर ऐकवले. वहिनींना विचारले तर म्हणाल्या, "छान आहे हो. थंड आहे. पण दुपारी हाक मारायला कोणी नाही."

तेव्हा वाचकहो, पुढच्या उन्हाळ्यात ज्यांना अशी गाडी घेऊन निघायचे असेल त्यांनी उंची पाहावी, सावली पाहावी, वीज आणि पाण्याची सोय पाहावी, घाट चढणारा चालक पाहावा. आणि वाटेत एखादे गाव असे असेल, जिथे आपण उतरायची जागा नाही म्हणून जात नाही, तर ते आधी पाहावे. यंदा नानांनी पुन्हा नकाशा काढला आहे. पण त्याआधी त्यांनी पंचांग मागून नेले, माझेच. अजून परत केलेले नाही.